हायस्कूल फुटबॉलची प्रॅक्टिस किती वेळ असावी, आणि तो वेळ कसा बसवायचा

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकेतला, हेल्मेट-पॅडवाला. जुलै संपत आला की इथल्या मराठी आईबापांना तोच प्रश्न पडतो, पोरगा नववीत टीममध्ये गेलाय, साडेतीनला मैदानात उतरतो आणि सातला घरी येऊन न जेवताच झोपतो, हे बरोबर आहे का? मी जॉर्जियात चार सीझन मुलाच्या टीमचं पाण्याचं टेबल सांभाळलंय, माझं मत सरळ आहे: ऑगस्टमध्ये मैदानावर दोन तास, त्याच्या वर एक मिनिट नाही, आणि मॅचेस सुरू झाल्या की पावणेदोन तास खूप झाले.

१. आधी मोजा

पहिल्या वर्षी मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून फक्त माझ्या पोराकडे बघत बसले. प्रॅक्टिस तीन तासांची. तो खरंच पळत होता, ब्लॉक करत (समोरच्याला अडवत) होता, ढकलत होता तो वेळ सगळा मिळून एकतीस मिनिटं भरला! बाकी वेळ हेल्मेट घालून भर उन्हात रांगेत, पुढच्याच्या पाठीवरचा नंबर बघत. हायस्कूलची मॅच १२ मिनिटांच्या चार क्वार्टरची असते आणि एकेक प्ले, म्हणजे एकेक डाव, काही सेकंदांत संपतो, मग त्यासाठी तीन तास उभं राहायची सवय कशाला लावायची? एका रांगेत चारच्या वर पोरं नकोत. एकाऐवजी तीन ठिकाणी तेच ड्रिल लावलं की तासभर तिथेच वाचतो.

२. मग ऊन बघा

फोनवरचं तापमान इथे कामाचं नाही. मैदानावर वेट बल्ब ग्लोब टेम्परेचरचं मीटर लागतं, ते हवा, दमटपणा, ऊन आणि वारा सगळं एकत्र धरून आकडा देतं. जॉर्जियात २०१२ पासून हायस्कूल फुटबॉलला याचे नियम आहेत. फॅरेनहाइटमध्ये ८२ च्या खाली नेहमीसारखी प्रॅक्टिस. ८७ ते ८९.९ असेल तर जास्तीत जास्त दोन तास, तेही हेल्मेट, शोल्डर पॅड आणि शॉर्ट्सवर. ९० ते ९२ असेल तर एकच तास, पॅड-हेल्मेट काहीही नाही, आणि त्या तासातली २० मिनिटं विश्रांतीची. ९२ च्या वर गेलं की बाहेर प्रॅक्टिसच नाही. तुमच्या राज्यात नियम सैल असला तरी हेच आकडे धरा, पोरांचं शरीर राज्य बघून तापत नाही.

सुरुवातीच्या पाच प्रॅक्टिस पॅडशिवाय, दोन तासांच्या आत. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्याच आठवड्यात असतो. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक टीमचा कोरी स्ट्रिंगर ट्रेनिंग कॅम्पमध्ये उष्माघाताने गेला, तो तर कसलेला प्रोफेशनल होता, आपलं पोरगं चौदा वर्षांचं.

३. टक्कर वेगळी मोजा

प्रॅक्टिस किती वेळची आणि त्यात पूर्ण ताकदीनं टॅकलिंग (समोरच्याला धरून खाली पाडणं) किती, हे दोन वेगळे हिशोब आहेत. कॅलिफोर्नियात २०१५ पासून कायद्यानं सीझनमध्ये आठवड्यात दोनच फुल कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस चालतात, न्यू जर्सीनं तर २०१९ मध्ये सीझनमधली मर्यादा आठवड्याला १५ मिनिटांवर आणली. कोणी म्हणालं की यानं पोरं कच्ची राहतील तर मिनेसोटाचे कॉलेज कोच जॉन गॅग्लियार्डी यांचं नाव सांगा, प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग नाही, आणि तरी ४८९ विजय.

४. कागदावर मांडा

आमच्या टीमला चाललेला १०५ मिनिटांचा तक्ता: वॉर्मअप १०, पोझिशनप्रमाणे ड्रिल २५, पाणी ५, छोटे ग्रुप २०, स्पेशल टीम (किकच्या वेळी उतरणारी पोरं) १०, परत पाणी ५, पूर्ण टीम २५, शेवटी स्ट्रेचिंग ५. एका माणसाच्या हातात हॉर्न द्यायचा, वेळ संपली की वाजवायचा, अर्धं ड्रिल राहिलं तरी पुढे. शुक्रवारी मॅच असते म्हणून गुरुवारी ४५ मिनिटं, बिनपॅडची. आणि फिल्म बघणं, वेट रूम हेसुद्धा पोराच्या दिवसातलेच तास आहेत, ते धरूनच बेरीज करा.

५. कोचशी बोला

प्रॅक्टिस चालू असताना कुंपणाजवळून ओरडायचं नाही. ईमेल करा, तीनच प्रश्न विचारा: मीटर आहे का, अ‍ॅथलेटिक ट्रेनर (दुखापत, तब्येत बघणारा) मैदानावर असतो का, बर्फाच्या पाण्याचा टब प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी भरलेला असतो का. उष्माघात झालाच तर ९११ लावायचा आणि त्याच वेळी पोराला टबात बसवायचं, आधी थंड करायचं, मगच हॉस्पिटल.

६. घरी वजन करा

प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांवर. दीडशे पौंडांच्या पोराचे तीन पौंड गेले तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, रात्री पाणी आणि खारट जेवण व्यवस्थित झालं पाहिजे, आमच्याकडे मी वरण-भात, लिंबाचं लोणचं आणि मोठा तांब्याभर ताक ठेवायचे. सकाळपर्यंत वजन परत आलं नाही तर ट्रेनरला शाळा सुटायच्या आधी मेसेज टाका, त्या दिवशी ते पोर अर्ध्या प्रॅक्टिसनंतर सावलीत बसलं पाहिजे.