रीफ टँकमध्ये भांडखोर मासे एकत्र ठेवायचे तर

‘हा मासा त्याच्याबरोबर चालेल का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तो मासा रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कितव्या नंबरला जातो यावर असतं. आधी आला तो घरमालक, नंतरचा घुसखोर. सेमी-अ‍ॅग्रेसिव्ह, म्हणजे थोडाफार भांडखोर मासा दिवसभर मारामारी करत नाही. आपली कपार, आपलं खाणं आणि आपल्यासारखा दिसणारा दुसरा मासा, एवढ्यावरून मात्र तो बिथरतो.

1. आधी टँक मोजा. इथे 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टँक धरला आहे, म्हणजे सुमारे 450 लिटर. यलो टँग या माशाला पोहायला 4 फूट लांबी लागतेच. टँक 3 फुटी असेल तर टँगचं नाव काढून टाका. ‘पिल्लू घेऊ, मोठं झालं की बघू’ हे सहसा बघायचं राहूनच जातं. दगडांचा एकच डोंगर रचू नका. दोन वेगळे ढीग करा आणि कपारी माशांपेक्षा जास्त ठेवा.

2. प्रत्येक मजल्यावर वेगळा भाडेकरू. वाळूवर यलो वॉचमन गोबी, कपारीत रॉयल ग्रामा, वरच्या कोपऱ्यात ऑसेलारिस क्लाऊनची जोडी, दगडांवर चरायला कोरल ब्यूटी आणि मोकळ्या पाण्यात यलो टँग. सहा मासे पुरेत.

क्लाऊन दोनच घ्या, एक मोठा आणि एक लहान. दोन्ही पिल्लं असली तर मोठा मादी होतो आणि भांडण लवकर मिटतं. तिसऱ्याला मात्र ते जगू देत नाहीत.

ग्रामा घेताना दुकानात काचेला डोळा लावून बघा. रॉयल डॉटीबॅकही पुढून जांभळा आणि मागून पिवळाच असतो, आणि चुकून तोच घरी आला तर गोबीचे हाल कुत्रा खात नाही. ग्रामाच्या पाठीच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो, डोळ्यातून गडद रेघ जाते आणि जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू विरत जातो. डॉटीबॅकमध्ये हे दोन रंग पट्टी लावून कापल्यासारखे वेगळे दिसतात.

कोरल ब्यूटी हा बुटक्या एंजल माशांपैकी. तो एकच ठेवा, दुसरा बुटका एंजल नको. कोरल ब्यूटी झोअँथिड (एक मऊ कोरल) किंवा क्लॅमला (मोठा शिंपला) चोच मारू शकतो. महागडा क्लॅम असेल तर हा मासा टाळलेलाच बरा.

सिक्सलाइन रॅस स्वस्त आणि देखणा असतो, पण रुळल्यावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागतो. त्याऐवजी मेलानुरस रॅस बघा, फक्त तो रात्री वाळूत पुरून झोपतो, म्हणून 5 सेंटिमीटर वाळू हवी. डोमिनो डॅमसेल टँक ‘चालू करायला’ म्हणून विकला जातो. तो घेऊ नका.

3. क्रम. गोबी, मग क्लाऊन, मग ग्रामा, मग कोरल ब्यूटी, शेवटी टँग. दोघांमध्ये किमान 2 ते 3 आठवडे जाऊ द्या. नव्या माशाच्या घाणीतून वाढलेल्या अमोनियाला पुरे पडायला बॅक्टेरियांना वेळ लागतो, आणि आधीचा मासाही तेवढ्यात स्थिरावतो. पुढचा मासा आणण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.

4. क्वारंटाइन. 50 ते 60 लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरतं. टँगला मोठा लागेल. मासा 30 दिवस तिथेच ठेवा. टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो. त्यावरचं तांब्याचं औषध फक्त याच टँकमध्ये, कारण रीफमध्ये ते कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मारतं.

5. सोडताना. भोकांचा अ‍ॅक्रिलिक डबा टँकमध्ये लटकवून नवा मासा त्यात 2 ते 3 दिवस ठेवा. जुने मासे डब्यावर धडकून दमतात. सोडण्याआधी थोडे दगड हलवा, म्हणजे सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात. जुन्यांना पोटभर खायला द्या, दिवे बंद करा आणि मग सोडा. घाबरलेला मासा उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळीचं झाकण लागतंच. टँग आल्यावर सगळ्यांसाठीच क्लिपला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावा, पण टँकच्या दोन्ही टोकांना, नाहीतर एकच मासा दोन्ही वाटे खातो.

पहिल्या दिवशी पाठलाग होणारच. पर फाटले, मासा वरच्या कोपऱ्यात चिकटून राहिला आणि तिसऱ्या दिवशीही खायला आला नाही, तर त्रास देणाऱ्याला काढा. त्यासाठी दगड उपसू नका. लहान मासा असेल तर 2 लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, आत मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाद्य) टाका आणि बाटली वाळूवर आडवी ठेवा. आधी एक दिवस कोणालाच खायला घालू नका. दादागिरी करणाराच बहुधा पहिला आत शिरतो.