टाऊन हॉल म्युझियम नीट बघायचं असेल तर

कोल्हापूरला आलेले पाहुणे अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस एवढं करतात आणि तांबडा-पांढरा जेवून परतीची गाडी धरतात. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या टाऊन हॉलवरून त्यांची रिक्षा जाते, पण थांबत नाही. माझ्याकडं येणाऱ्याला मी थांबवतेच. मी शाळेत इतिहास शिकवते. वर्गातली पोरं असोत की पुण्याची भाचरं, सगळ्यांना एकाच क्रमानं फिरवते. तोच क्रम इथं सांगते. सोमवार सोडून जा, आणि सकाळीच जा.

सुरुवात म्युझियमपासून करू नका. आधी ब्रह्मपुरीवर जा. पंचगंगेच्या घाटालगतची ही टेकडी. आज तिथं उत्खनन म्हणून बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी पाच मिनिटं उभं राहून खाली नदी बघा. इथं सातवाहनांच्या काळात नांदतं गाव होतं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथं खोदकाम केलं, तेव्हा विटांची घरं, खापरं, मणी, नाणी निघाली. ब्रह्मपुरीत मिळालेल्या या ठेव्यासाठीच १९४६ साली म्युझियम सुरू झालं आणि पुढं ते टाऊन हॉलमध्ये आलं. टेकडी पाहून आलेलं पोर काचेतल्या खापराकडं वेगळ्या नजरेनं बघतं, हे मी वर्गागणिक अनुभवते.

टाऊन हॉलला पोचलात की थेट आत शिरू नका. बागेत मागं सरकून इमारत पूर्ण डोळ्यांत भरू द्या. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, वर निमुळते होत गेलेले मनोरे. १८७२ ते १८७६ या काळात ती उभी राहिली, आराखडा चार्ल्स मँट यांचा. न्यू पॅलेसही त्यांचाच. तो आदल्या दिवशी पाहिला असेल तर दोन्हींच्या कमानी मनात शेजारी ठेवून बघा. एकाच माणसानं इथं युरोपातल्या चर्चसारखी धाटणी घेतली आणि तिथं आपल्याकडचे घुमट-छत्र्या घेतल्या. आत गेल्यावर एकदा वर छताकडं बघायला विसरू नका. ही जागा मुळात सभांसाठी बांधली होती, म्हणून एवढी उंची.

आत एक सवय लावून घ्या. पाटीवर वस्तूचं नाव वाचण्याआधी ती सापडली कुठं ते शोधा. ब्रह्मपुरी दिसलं की थांबा.

सगळ्यात जास्त वेळ पोसायडनला द्या. ग्रीकांचा हा समुद्रदेव, काशाचा, वीतभरही उंच नाही. बरेच जण मोठी मूर्ती शोधत त्याच्यासमोरून निघून जातात. खाली वाका आणि त्याच्या अंगाचा डौल बघा. एक हात वर उचललेला आहे, त्यातला त्रिशूळ मात्र गेला. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री चढून हा देव पंचगंगेकाठी आला कसा? त्या काळी रोमन साम्राज्याशी आपला व्यापार जोरात होता. माल कोकणातल्या बंदरांत उतरायचा आणि घाटवाटांनी वर यायचा. पोरांना मी उत्तर लगेच सांगत नाही, आधी नकाशावर बोट फिरवायला लावते.

नाण्यांपाशी घाई होते, कारण ती काळपट आणि ओबडधोबड दिसतात. इथल्या कुर या स्थानिक घराण्याच्या राजांनी शिशाची नाणी पाडली. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचलेली टेकडी आणि झाड. ही खूण डोक्यात ठेवून बघितलं की डाग वाटणारं चित्र हळूहळू उमटतं. त्यावरची नावं वासिष्ठीपुत्र, गौतमीपुत्र अशी आहेत. राजा स्वतःची ओळख आईवरून सांगतो, हे कळल्यावर वर्गातल्या मुली ताठ उभ्या राहतात. मला तो क्षण फार आवडतो.

शस्त्रं पोरं आपणहून बघतात, तिथं तुम्ही काही सांगायची गरज नाही. चित्रांत आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांची नावं शोधा. आबालाल शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, कोटितीर्थ-रंकाळ्याच्या परिसरात त्यांनी आयुष्यभर निसर्ग रंगवला.

आवारातली दगडी शिल्पं शेवटी बघा. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो दिसला तर खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, कधी गाईगुरंही कोरलेली असतात, म्हणजे वीर गोधन वाचवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्याला चंद्र-सूर्य: ते असेतोवर त्याची कीर्ती राहील. उन्हाची तिरीप पडते तेव्हा झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं, सकाळी जा म्हणाले ते यासाठीच.

वीरगळ वाचता आला की आपल्या गावच्या देवळामागचा दगड ओळखता येतो. जिल्ह्यात असे कितीतरी वीरगळ उघड्यावर आहेत. त्यांना ऑइल पेंट फासू नका, शेंदराचे थर चढवू नका, उचलून कुठं हलवूही नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि म्युझियमच्या कार्यालयात दाखवा. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, भांडी मिळाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. किती खोल, कशाशेजारी मिळाली ते तिथल्या तिथं टिपून घ्या आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानं असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.