टॅलीचा बॅकअप दुकानाबाहेर ठेवा, आणि उघडून बघा

भावांनो, आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरी काय न् उद्यमनगर काय, कुणालाही विचारा, टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या डेटाचा, बॅकअप (जादा कॉपी) घेतलाय म्हणतात, आणि बघायला गेलं की तो त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हला, नाहीतर कायम मागं खोचलेल्या पेनड्राइव्हवर. असला बॅकअप धरायचाच नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, घुसला की जे जे जोडलेलं असतंय ते सगळं लॉक करून टाकतोय. आणि पुराचं तर वेगळं सांगायला नको, 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून किती वर आली ते व्हीनस कॉर्नरच्या दुकानदारांना विचारा.

दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एकीवर या शनिवारी बॅकअप घ्यायचा, दुसरीवर पुढच्या. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतोय, त्यात बॅकअप, कंपनी निवडायची, डिस्कचा पाथ द्यायचा, झालं की डिस्क काढायची म्हणजे काढायचीच. एक डिस्क घरी न्या, घरही पूररेषेत असेल तर वरच्या भागातल्या पाहुण्यांकडं ठेवा. तिसरी कॉपी गूगल ड्राइव्हवर, पण फोल्डर आपोआप सिंक होत असेल तर लॉक झालेली फाइलपण वर जातीय, आणि जुनी व्हर्जन साधारण 30 दिवसच राहतीय, म्हणून नुसतं त्याच्या भरवशावर राहू नका.

डिस्क हरवली तर गिऱ्हाइकांचे नंबर, उधारी सगळं दुसऱ्याच्या हातात, त्यासाठी टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावा, फक्त तो वहीत लिहून कपाटात ठेवा कारण विसरला तर टॅलीवालेसुद्धा काढून देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच करत नाही. महिन्यातनं एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा, म्हणजे परत भरून बघा, चालू डेटावर नको, नाहीतर आहे तेच पुसून जाईल. मार्चचं एखादं बिल उघडा, एका पार्टीचं लेजर जुळवा. जीएसटीचा हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावा लागतोय, तेव्हा जुन्या वर्षांचंपण बघा.

आणि स्क्रीनवर पैसे मागणारा मेसेज आलाच तर आधी लॅनची केबल ओढा, वायफाय बंद करा. मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा, तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, खात्यातनं पैसे गेले असतील तर लगेच 1930. घाईघाईनं बॅकअपची डिस्क त्या मशीनला लावू नका, विंडोज नव्यानं टाकून झाल्यावरच लावा.