मुलींच्या ग्रुपचं डान्स सिंगल करताय? या चुका टाळा

‘ट्रॅक तयार आहे, फक्त मुलींचे आवाज टाकायचेत,’ असं म्हणत कोणी स्टुडिओत आलं की मी आधी पट्टी विचारतो. बहुतेक वेळा ती डेमो गाणारीच्या गळ्याची असते. गाणं तिथेच बिघडलेलं असतं.

अंधेरीत चार मुलींच्या एका ग्रुपचं काम चालू होतं. प्रोड्युसरने बीट (आवाजाखालचं संगीत) पांढरी पाचमध्ये बनवून आणलेलं, हुक, म्हणजे गाण्याची परत परत येणारी मुख्य ओळ, थेट तार सप्तकात. दोघींना ते सहज जायचं. तिसरीचा गळा वरच्या सुरावर दर वेळी आवळायचा. चौथीचा आवाज सगळ्यांत भरदार, पण ती न सांगता खालच्या सप्तकात गायला लागली. संध्याकाळी तिसरीचा आवाज बसला. मग प्रोड्युसरने शॉर्टकट काढला: अख्खा ट्रॅक मधली काळी धरून तीन पट्ट्या खाली, पांढरी तीनवर. मुलींना गाता आलं, पण बेसचा मूळ सूर ४९ हर्ट्झवरून ४१ वर गेला आणि छोट्या स्पीकरवर गायबच झाला. बेसलाइन नव्याने लिहावी लागली, किक (ड्रमचा जड ठोका) पुन्हा ट्यून करावी लागली, आणि सकाळपासूनचे सगळे टेक, म्हणजे गाऊन रेकॉर्ड केलेले तुकडे, वाया गेले.

बीटला हात लावण्याआधी मी प्रत्येकीकडून हुकची ओळ हार्मोनियमवर तीन-चार पट्ट्यांत गाऊन घेतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. मग स्टेप्स करायला लावून तीच ओळ पुन्हा, कारण स्टेजवर दम लागलेलाच असतो. वरचा सूर जिला ओढून लावावा लागत नाही तिला हुक, भरदार आवाजाला व्हर्स (कडवं), उरलेल्यांना खालची हार्मनी. यात एक दुपार जाते. ती द्यायची तयारी नसेल तर ग्रुपचं गाणं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक मला याहून जास्त खटकते. कोरस भरगच्च हवा म्हणून एकच टेक कॉपी करायचा, काही मिलिसेकंद सरकवायचा आणि डावी-उजवीकडे टाकायचा. हेडफोनवर रुंद वाटतं. मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐका, आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, आणि बऱ्याच क्लबांची सिस्टिम मोनोच असते. प्रत्येकीला कोरस दोनदा गाऊ द्या. चौघींचे आठ खरे टेक झाले की वेगळी युक्ती लागत नाही. फक्त ओळीच्या शेवटचे ‘स’ आणि ‘त’ एकीनेच स्पष्ट म्हणायचे, बाकीच्यांनी सोडायचे. नाहीतर प्रत्येक ओळीच्या टोकाला तडतड ऐकू येते, आणि ती कापत बसण्यात रात्र जाते.

सगळ्यांवर एकच कडक ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावू नका. २००२ मध्ये ‘पॉपस्टार्स’ या टीव्ही स्पर्धेतून आलेल्या ‘विवा’ या मुलींच्या ग्रुपमधल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा यांचे आवाज घ्या. दोन्ही आवाजांचा पोत वेगळा आहे, आणि ग्रुपची गंमत त्याच फरकात असते.

गायन झाल्यावर टेम्पो बदलू नका. मिनिटाला १२० ठोक्यांचं १२८ केलं की ताणलेल्या स्वरांना धातूसारखी किनार येते. मास्टर (गाण्याची शेवटची तयार फाइल) दाबून दाबून मोठं करू नका, स्पॉटिफाय ते साधारण –१४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणूनच ठेवतं.

घाई करणारे नवखे हमखास स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश ग्रुपच्या ‘वॉनाबी’चं नाव घेतात, की ते अर्ध्या तासात लिहून झालं होतं. लिहिणं झालं असेल. पण स्पाइस गर्ल्स जमल्या १९९४ मध्ये आणि गाणं आलं जुलै १९९६ मध्ये. मधल्या काळात त्या एका घरात राहून तालीम करत होत्या. गाण्याचं मिक्सही एकदा होऊन पसंत पडलं नव्हतं. बाजारात आलं ते मिक्स इंजिनिअर मार्क ‘स्पाइक’ स्टेंटचं मिक्स. अर्धा तास सांगताना एवढंही सांगा.

शेवटचं, कोरिओग्राफरसाठी. गाण्याची लांबी त्यांच्याकडे गेली की एक मात्रासुद्धा कापायची नाही. डान्स ब्रेकनंतरची पहिली ओळ कोणाची हे त्यांना विचारूनच ठरवा, आणि तिला आधीचे दोन बार (तालाची आवर्तनं) नाचातून मोकळे मिळतील असं बघा. ते शक्य नसेल तर ओळ दुसरीला द्या, रेकॉर्डिंगच्या आधीच.