आतेची फाइल : नवी फिलिपिनो नर्स परदेशात कशी पोचते

२०२२ च्या ऑक्टोबरात मी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. स्वयंपाकघर पाचजणींत एक. तिघी फिलिपिनो, एक कोट्टायमची आणि मी सांगलीची. तिघींतल्या थोरलीला बाकीच्या दोघी ‘आते’ म्हणायच्या. टागालोगमध्ये मोठ्या बहिणीला आते म्हणतात, म्हणजे आपली ताई. मीही तिला आतेच म्हणू लागले.

आतेकडे एक निळी फाइल होती. कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचं गुणपत्रक), नर्सिंग बोर्डाचं सर्टिफिकेट, प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र, लसीकरणाच्या नोंदी, सगळं तारखेच्या क्रमाने लावलेलं आणि प्रत्येक कागदाच्या चार-चार प्रती. आमच्या भागातल्या मुली आता मला फोन करून विचारतात, “ताई, बाहेर जायचंय, सुरुवात कुठून करू?” मी त्यांना आतेचा रस्ता सांगते. तो एकटीने शोधलेला रस्ता नाही. तिच्या आधीच्या तीन पिढ्या त्यावरून चालून गेल्यात आणि कुठे काटा आहे ते मागच्यांना सांगत आल्यात.

आते इलोइलोची. फिलिपिन्समधली पहिली नर्सिंग शाळा तिच्याच शहरात १९०६ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या हॉस्पिटलात सुरू झाली. हे ऐकून मी उडालेच, कारण मिरजेचं मिशन हॉस्पिटलही प्रेस्बिटेरियनांचंच. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. तिथे राज्यच अमेरिकेचं होतं, शिक्षण इंग्रजीत आणि अभ्यासक्रम अमेरिकन वळणाचा. १९४८ नंतर अमेरिकेच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून तिथल्या नर्सेस मोठ्या संख्येने अमेरिकेत जायला लागल्या. इंग्लंडमध्ये ८ डिसेंबर २०२० ला कॉव्हेंट्रीत कोविडची चाचण्यांबाहेरची जगातली पहिली फायझर लस टोचली ती मे पार्सन्स या फिलिपिनो नर्सने. आतेच्या खोलीत भिंतीवर ते कात्रण होतं.

आता नव्या मुलीचा रस्ता. चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी झाली तरी तिथे ती नर्स होत नाही. प्रोफेशनल रेग्युलेशन कमिशन, म्हणजे पीआरसी, वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात, लायसन्सची परीक्षा घेतं. सगळे तिला ‘बोर्ड’च म्हणतात. पाच पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, दोन दिवस. सरासरी ७५ टक्के लागते आणि एकाही पेपरात ६० च्या खाली गेलेलं चालत नाही. पास झालेल्यांची यादी छापून येते, मग शपथविधी, मग पीआरसीचं ओळखपत्र. आम्ही विद्यापीठाची परीक्षा पास झालो आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं, तिथेच संपलं. तिला मात्र अशा पर्यायी प्रश्नांच्या मोठ्या परीक्षेची सवय कॉलेजातच लागते, आणि पुढे परदेशातल्या बहुतेक परीक्षा त्याच वळणाच्या असतात. बोर्डच्या तयारीच्या वह्या जपून ठेव, हे आते प्रत्येक नवीला सांगते.

या परीक्षेचं नाव जपायला किती लागतं तेही तिने सांगितलं. २००६ च्या जूनमध्ये बोर्डाचा पेपर फुटला. पेपरफुटी म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. त्या परीक्षेत पास झालेल्यांना अमेरिकेसाठी लागणारं व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट द्यायला सीजीएफएनएस या परदेशी नर्सेसचे कागद तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेने नकार दिला, आणि ज्यांना जायचं होतं त्यांना तिसरा आणि पाचवा पेपर परत द्यावा लागला. आतेची वॉर्डातली सीनियर त्याच बॅचची. आते म्हणते, त्या बाईने एक प्रश्नही चोरून पाहिला नव्हता, तरी तिची दोन वर्षं गेली. परदेशातली कौन्सिल आपल्या हातचा कागद का घेत नाही, थेट बोर्डाकडून आणि कॉलेजकडूनच का मागवते, हे यावरून कळतं.

पास झाल्यावरची पहिली दोन वर्षं सगळ्यात अवघड, आणि त्यांच्याबद्दल कमीच बोललं जातं. बाहेरच्या बहुतेक जाहिराती दोन वर्षांचा हॉस्पिटलचा अनुभव मागतात. पण तिथे दरवर्षी हजारो मुली पास होतात आणि हॉस्पिटलात जागा त्या मानाने थोड्या. एके काळी नव्या नर्सेस ‘व्हॉलंटिअर’ म्हणून बिनपगारी काम करायच्या, काही ठिकाणी तर ट्रेनिंगच्या नावाखाली स्वतः पैसे भरून. आरोग्य खात्याने पुढे ते थांबवायचा आदेश काढला. आतेच्या मोठ्या बहिणीने तसं एक वर्ष काढलं होतं आणि शेवटी हातात जो कागद मिळाला, त्यावर ‘स्टाफ नर्स’ हा शब्दच नव्हता. तो अनुभव कुठेच धरला गेला नाही. म्हणून पहिली नोकरी पगाराने लहान असली तरी चालेल, पण नेमणूकपत्र हवं, पगाराची नोंद हवी, खाटांची संख्या आणि वॉर्डचं नाव अनुभवपत्रात हवं. मेडिकल, सर्जिकल, आयसीयू किंवा कॅज्युअल्टी असेल तर उत्तम. कॉल सेंटरला जास्त पैसे मिळतात म्हणून आतेच्या बॅचमधल्या कितीतरी मुली तिकडे वळल्या, आणि मग मधल्या खंडाचं स्पष्टीकरण देता देता थकल्या.

इंग्लंडची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे इथली एनएमसी (भारतातल्या मेडिकल कमिशनशी गल्लत करू नका), २०१९ पासून नोंदणीसाठी अनुभवाची अट घालत नाही. नवी पास झालेली मुलगीही अर्ज करू शकते. नोकरी देणारं हॉस्पिटल मात्र अनुभव बघतंच. नोंदणी आणि नोकरी ही दोन वेगळी दारं आहेत, हे आधी लक्षात घ्या.

कागदांचं सांगायचं तर माझीच हकीगत सांगते. फिलिपिनो मुलीचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि ते जन्मदाखल्यापासून बोर्डापर्यंत एकसारखं लिहिलेलं असतं. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव अर्धवट. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. तिन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करण्यात माझे अडीच महिने गेले. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, सगळं मागाहून गोळा केलं. ज्या मुली अजून शिकतायत त्यांनी आजच मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर पडताळावं. आतेचे कागद मात्र तीन आठवड्यांत पार पडले. फिलिपिन्स २०१९ च्या मे महिन्यात अपॉस्टिल करारात (एका देशाचे कागद दुसऱ्या देशात मानण्याच्या) आल्यापासून एका शिक्क्यावर काम होतं. भारतात ती सोय आधीपासूनच आहे.

इंग्रजीच्या परीक्षेत तिघींनीही ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची परीक्षा निवडली, कारण तिचा लेखनाचा भाग म्हणजे रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचं पत्र, जे आपण ड्युटीवर लिहितोच. एनएमसीला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी आणि लेखनात सी प्लस लागतो. आयईएलटीएस दिली तर ॲकॅडेमिकच द्यायची, तिघांत ७ आणि लेखनात ६.५. एका प्रयत्नात एखादा भाग हुकला तर बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण काही अटींवर एकत्र धरतात. फिलिपिनो मुली बोलण्यात सहज पास होतात आणि लेखनात अडकतात. आपल्या मुलींचंही तेच, फक्त बोलण्यातही धाकधूक असते.

त्यानंतर सीबीटी, कॉम्प्युटरवरची परीक्षा. ती आपल्या देशात बसूनच देता येते. एक भाग औषधांच्या हिशोबाचा, दुसरा नर्सिंगचा. हिशोबाला हलकं समजू नका. ड्रिपचे थेंब आणि मिलिग्रॅमचं गणित रोज दहा सोडवा.

एजन्सीबद्दल मी मोकळेपणाने लिहिते, कारण इथे मुलींचं नुकसान होताना मी पाहिलंय. इंग्लंडच्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नर्सकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत. फिलिपिन्समध्ये स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र खातंच आहे. पूर्वी ते काम पीओईए नावाचं सरकारी कार्यालय बघायचं, २०२१ च्या अखेरच्या कायद्याने त्याचं डिपार्टमेंट ऑफ मायग्रंट वर्कर्स झालं. एजन्सीला लायसन्स आहे का, त्या देशाची जागा खरंच मंजूर आहे का, हे मुलगी तिथे तपासते. ज्या देशांत शुल्क घ्यायची मुभा आहे तिथेही एका महिन्याच्या पगाराची मर्यादा आहे. करार खात्याने पाहिलेला असतो, निघण्याआधी ओरिएंटेशन होतं आणि ओईसी नावाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर मनिलाच्या विमानतळावरूनच परत पाठवतात. आतेला हे सगळं कटकटीचं वाटायचं. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने एका एजंटला ‘प्रोसेसिंग’चे दोन लाख दिले आणि तो फोन उचलेनासा झाला, हे ऐकल्यावर ती गप्प बसली. अजून एक: “आधी केअर वर्कर म्हणून जा, नर्स नंतर होशील” असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करना इथला व्हिसाच मिळत नाही.

करारातलं परतफेडीचं कलमही वाचा. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर तिकीट, परीक्षा आणि व्हिसाचे पैसे परत मागतात. किती, कशाचे आणि दर महिन्याला ती रक्कम कमी होते का, हे सही करण्याआधी लिहून घ्यायचं. मी न वाचता सही केली होती. आतेने तिच्या करारात प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

इथे पोचल्यावर ऑस्की. ही प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा आणि माझ्या मते सगळ्या रस्त्यातला हाच खरा घाट. नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न, आठ महिन्यांत नोंदणी. तोवर पगार खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या पगारश्रेणीचा. मी दिली तेव्हा ऑस्कीची फी ७९४ पौंड होती. पहिल्या प्रयत्नाची फी हॉस्पिटलने भरली. दहा स्टेशनं असतात. चार एकाच रुग्णाची: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. चार कौशल्यांची आणि दोन लेखी.

आपण कामात कच्च्या नसतो. मी एका रात्री चाळीस रुग्ण सांभाळलेत. पण ऑस्कीत हात जे करतात ते तोंडाने सांगावं लागतं. “मी आता तुमची नाडी बघते, चालेल का?” असं विचारायचं, उत्तराची वाट बघायची, पडदा ओढायचा, हात धुवायचे, हातावरच्या पट्टीवरचं नाव आणि जन्मतारीख रुग्णाकडून वदवून घ्यायची, ॲलर्जी विचारायची. औषधाच्या चार्टवर पेनिसिलिन लिहिलेलं असतं आणि रुग्णाला त्याचीच ॲलर्जी असते. ते दिलंत तर बाकीचं कितीही सुंदर केलं असलं तरी नापास. चूक लिहिली तर एकच रेघ मारून सही करायची, गिरवायचं नाही.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उशी झोपवून सराव केला. आतेने सौदीत चार वर्षं काढली होती, तरी ती उशीला रोज नाव विचारायची. मी पहिल्यांदा दोन स्टेशनांत राहिले, कारण रुग्णाशी न बोलता काम उरकलं. दुसऱ्या वेळी फक्त तीच दोन द्यायची होती. आदल्या रात्री आतेने मला पंचवीस वेळा ड्रेसिंग करायला लावलं, प्रत्येक वेळी मोठ्याने बोलून. पास झाले.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. आखातात डेटाफ्लोकडून कागदांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा. फिलिपिनो मुलींची परदेशातली पहिली पायरी बहुतेकदा हीच. अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स, म्हणजे तिथल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा, जिचं केंद्र मनिलात २००७ पासून आहे. मग व्हिसास्क्रीन आणि मग ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डची रांग. फिलिपिनोंनाही थांबावं लागतं, पण भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे, तेव्हा फिलिपिनोंचं वेळापत्रक बघून आपली स्वप्नं ठरवू नका. जर्मनीचा सरकारी ट्रिपल विन कार्यक्रम फिलिपिन्समध्ये २०१३ पासून चालतो. तिथे भाषा हाच खर्च आणि हीच मेहनत, निघताना जर्मनची बी-१ पातळी आणि मान्यतेसाठी साधारण त्याच्या वरची बी-२. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यामुळे जर्मन शिकायला तयार असलेल्या मुलींनी ती वाट जरूर बघावी. जपानने २००९ पासून फिलिपिनो नर्सेस घेतल्या, पण परीक्षा जपानीत, आणि फार थोड्या पार पडल्या.

आतेची धाकटी बहीण नोव्हेंबरात बोर्ड पास झाली. यादी लागली तेव्हा इथे पहाट होती. व्हिडिओवर तिकडे सगळं घर रडत होतं, आतेही रडली, डोळे पुसले आणि तिने विचारलं, “ट्रान्सक्रिप्टच्या किती प्रती काढल्यास?” दोन, असं तिकडून आलं. “उद्या अजून दोन काढ,” आते म्हणाली, आणि फाइलसाठी कुठला रंग घ्यायचा यावर दोघी बोलत बसल्या.