शेजारच्या बांधकाम परवानगीला आव्हान कसे द्यावे

शेजारच्या भूखंडावर काम सुरू होते, परवानगी नियम डावलून दिल्याची शंका येते, आणि चार जण हमखास सांगतात की अपील करा. महाराष्ट्रात हा सल्ला चुकीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४७ चे अपील परवानगी मागणाऱ्या अर्जदारासाठी आहे. त्याला परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटी घातल्या गेल्या, तर आदेश कळल्यापासून ४० दिवसांत तो राज्य शासनाकडे जाऊ शकतो. शेजाऱ्याला हे दार नाही. ज्या नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे महानगरपालिकेने, नगरपरिषदेने किंवा अन्य संस्थेने परवानगी दिली, त्याच संस्थेकडे ती रद्द करण्याची लेखी आणि कारणांसहित मागणी करायची आणि तिथे दाद मिळाली नाही तर न्यायालयात जायचे, हा आपला मार्ग आहे. 'तुमचा काय संबंध?' असे कोणी विचारले तर डगमगू नये. उडुपी येथील चित्रपटगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच परिसरातील रहिवाशांचा हा हक्क मान्य केला आहे.

जागेवरच्या फलकावरून परवानगीचा क्रमांक आणि दिनांक टिपून घ्या.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क भरून तीन गोष्टी मागा : मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि अर्जासोबत जोडलेली मालकीची, मोजणीची व रस्त्याची कागदपत्रे. नुसत्या प्रती मागून थांबू नका, संपूर्ण फाइलची पाहणीही मागा. तो हक्क माहिती अधिकार अधिनियमातच आहे, आणि प्रतींच्या यादीत कोणाला न सुचलेला कागद पाहणीतच हाती लागतो. शेजाऱ्याची कागदपत्रे म्हणून 'त्रयस्थ पक्षाची माहिती' असे उत्तर आले, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा. त्याच अधिनियमाचे कलम ११ त्रयस्थ पक्षाचे म्हणणे ऐकण्याची पद्धत सांगते, तेवढ्यावरून माहिती आपोआप नाकारता येत नाही.

इथून पुढची पायरी सर्वांत अवघड आहे आणि माझे पहिले प्रकरण तिथेच बुडाले. मी चार पानी अर्ज लिहिला होता. उजेड जाईल, वारा अडेल, गल्लीत गाड्या मावणार नाहीत, आमचे म्हातारे आईवडील धुळीने हैराण झाले आहेत, हे सारे त्यात होते आणि ते सारे खरे होते. दीड महिन्याने एका ओळीचे उत्तर आले : 'सदर बांधकाम मंजूर नकाशानुसार सुरू आहे.' त्या उत्तरात खोटे काहीच नव्हते. माझा रोख परवानगीवर होता, पण परवानगी कोणत्या नियमाविरुद्ध आहे हे चार पानांत कुठेही नव्हते. उजेड-वाऱ्याचा हक्क हा सुविधाधिकाराचा, म्हणजे शेजारच्या जागेवरील वहिवाटीच्या हक्काचा प्रश्न आहे. त्यासाठी २० वर्षांचा अखंड उपभोग सिद्ध करून दिवाणी न्यायालयात जावे लागते. हद्दीचा वादही नगररचना विभाग मिटवत नाही. या दोन्ही गोष्टी अर्जात घातल्या की अधिकाऱ्याला 'हा आपसातील दिवाणी वाद आहे' असा शेरा मारून फाइल बंद करता येते. त्या अर्जातून वगळा, असे मी आग्रहाने सांगतो.

मग अर्जात काय असावे? मंजूर नकाशा टेबलावर पसरा. त्यात नवे काम लाल आणि पाडायचे काम पिवळ्या रंगात असते. पण रंगांत रमू नका, आधी कडेला असलेला क्षेत्रफळाचा तक्ता वाचा. त्याच्या पहिल्याच ओळीत भूखंडाचे क्षेत्र तीन प्रकारे लिहिलेले असते : मालकीच्या कागदानुसार म्हणजे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेनुसार, मोजणी नकाशानुसार आणि प्रत्यक्ष जागेनुसार. या तिन्हींपैकी सर्वांत कमी आकडा हिशेबात धरायचा असतो. माझ्या दुसऱ्या प्रकरणात तिन्ही रकान्यांत एकच आकडा होता, अगदी दशांशासह. फाइलमधल्या मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणी नकाशावर, मात्र क्षेत्र कमी होते. एवढा एक फरक दाखवल्यावर चटई क्षेत्राचा, म्हणजे त्या भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचा, पुढचा सगळा हिशेब कोसळला आणि पहिल्या खेपेस माझे म्हणणे ऐकायलाही तयार नसलेल्या कार्यालयाने सुनावणी लावली.

दुसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे समोरच्या रस्त्याची रुंदी. किती चटई क्षेत्र मिळेल आणि इमारत किती उंच जाईल, हे बऱ्याच अंशी रस्त्यावर ठरते. नकाशात नऊ मीटर लिहिलेले असते आणि टेप धरली की सहा भरतात, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. मात्र इथे घाई करू नका. विकास आराखड्यात रस्ता रुंद करण्याचे प्रस्तावित असेल आणि त्यासाठी जागा सोडलेली असेल, तर नकाशातला आकडा बरोबरही असू शकतो. म्हणून आराखड्याचा उतारा आधी घ्या. तिसरी गोष्ट सामासिक अंतरांची, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेची. ही अंतरे इमारतीची उंची आणि भूखंडाचा आकार यांवर अवलंबून असतात. मंजुरीच्या दिवशी लागू असलेल्या नियमांतूनच आकडा काढा. राज्याच्या बहुतेक भागात ३ डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तर मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत वेगळी नियमावली आहे. जुन्या पुस्तकावरून हिशेब करणारे सल्लागार आजही भेटतात. नव्या नियमावलीत निवासी इमारतीला अधिमूल्य (प्रीमियम) भरून ६० टक्क्यांपर्यंत पूरक चटई क्षेत्र मिळते, हे त्यांच्या गावीही नसते, आणि त्यांच्या भरवशावर केलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत हास्यास्पद ठरते. एक परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता गाठून त्याच्याकडून एका पानाचा तुलनात्मक तक्ता सही-शिक्क्यासह करून घ्या : नियमाप्रमाणे किती, नकाशात किती, जागेवर किती. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा.

हा तक्ता हातात आला की अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा ते आपोआप ठरते. परवानगी बरोबर आहे पण काम तिच्याबाहेर चालले आहे, असे असेल तर तो अनधिकृत बांधकामाचा विषय होतो आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ व ५४ खाली कारवाईची, म्हणजे काम थांबवण्याच्या नोटिसीचीही मागणी करता येते. परवानगीच चुकीची असेल तर मागणी त्याच अधिनियमाच्या कलम ५१ खाली, परवानगी रद्द करण्याची किंवा त्यात बदल करण्याची. या दोन मागण्या एकाच अर्जात कालवू नका.

आता कलम ५१ ची अडचण नीट समजून घ्या, कारण ती कोणी सांगत नाही. झालेल्या बांधकामाला त्या कलमाखालचा आदेश लागू होत नाही, आणि काम बरेच पुढे गेल्यावर किंवा पूर्ण झाल्यावर तो काढताच येत नाही. म्हणजे जोत्याच्या वेळी दिलेला अर्ज आणि तिसऱ्या स्लॅबनंतर दिलेला अर्ज, मजकूर तोच असला तरी, सारखे नसतात. पहिल्या प्रकरणात मी 'त्यांच्याशी एकदा बोलून पाहू, नंतर अर्ज देऊ' म्हणत दोन महिने घालवले आणि पुढे काय घडले ते वर लिहिलेच आहे. बोलणी जरूर करा, पण अर्जाची पोच खिशात ठेवून. माहिती अधिकाराच्या उत्तराचीही वाट पाहत बसू नका. दोन मुद्द्यांचा प्राथमिक अर्ज आधी दाखल करा आणि कागद मिळतील तसे पुरवणी अर्ज जोडत जा.

उशीर झालाच असेल तर एक मार्ग उरतो. अर्जात महत्त्वाची बाब खोटी सांगून किंवा फसवणूक करून परवानगी मिळवली असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्त ती केव्हाही रद्द करू शकतात आणि झालेले काम विनापरवाना मानले जाते. एकत्रिकृत नियमावलीतही याच धर्तीची तरतूद आहे. क्षेत्राचा खोटा आकडा किंवा नसलेला रुंद रस्ता इथे उपयोगी पडतो. 'फसवणूक' हा शब्द मात्र कागद हातात असल्याशिवाय लिहू नका.

अर्ज आवक कक्षात देऊन पोच घ्या.

सुनावणीला तक्त्याच्या तीन प्रती न्या आणि पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत भक्कम मुद्दा मांडा. स्थळपाहणी ठरली तर स्वतः हजर राहा, टेपचे दुसरे टोक स्वतः धरा आणि आकडे पंचनाम्यात आल्याशिवाय सही करू नका. वाजवी काळात आदेश आला नाही किंवा अर्ज कारणे न देता फेटाळला गेला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करता येते. ते काम वकिलाचे आहे. वकिलाला द्यायच्या कागदांत पोच, तक्ता आणि पंचनामा तर असावेतच, शिवाय अर्ज दिला त्या दिवशी काम कुठवर आले होते त्याची छायाचित्रे असावीत, शेजारच्या ओळखीच्या खुणेसह आणि दिनांकासह. 'आता काम बरेच पुढे गेले आहे' असे समोरून म्हटले जाईल, तेव्हा आपण पहिल्यांदा हरकत घेतली त्या दिवशी तिथे फक्त जोते होते, हे त्या छायाचित्रांवरूनच दाखवता येईल.