फ्लेमिंगो बघायला निघण्याआधी तिथी बघा
मे महिन्यात नातवंडं नवी मुंबईला आली की फ्लेमिंगो बघायचा हट्ट ठरलेला. निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ ६ च्या सुमारास. खाडीत आतल्या बाजूला थोडं उशिरा. ऐन ओहोटीला पक्षी लांब चिखलात, नुसते गुलाबी ठिपके! पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात, आणि पूर्ण भरतीला नेरूळच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. तिथे आमची नात श्वास रोखून बघत राहिली होती. ऐरोलीहून बोटीने जायचं असेल, तर फेरीची वेळ भरतीवर ठरते, आदल्या दिवशीच विचारून घ्या. टोपी, पाणी आणि आजोबांची दुपारची गोळी सोबत ठेवा.